‘खान्देशाला समुद्र नाही, मग चक्रीवादळाची भीती कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत एक संदेश मोबाइलवरून फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: चक्रीवादळ हा कोकणाचा प्रश्न आहे, सह्याद्री आणि सातपुडा आपले रक्षण करतात, असे वादळ येथे आजवर आलेले नाही, हवामान खात्याचे अंदाज चुकतात, आणि त्यामुळे गावोगावी स्थलांतराचे आराखडे करणे म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे, वेळ आलीच तर गाडी काढून नाशिकला किंवा संभाजीनगरला नातेवाइकांकडे जाता येईल. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे आणि उरलेली तपासणीत टिकत नाहीत.

समुद्राच्या लाटा जळगावपर्यंत येणार नाहीत, हे मान्यच आहे. किनारा ओलांडल्यावर वादळाला उष्ण समुद्रातून मिळणारी वाफ तुटते, जमिनीशी घर्षण वाढते आणि वाऱ्याचा वेग काही तासांत उतरतो, हेही खरे. मात्र वारा उतरला तरी वादळाने सोबत आणलेली आर्द्रता कायम असते आणि ती पुढे दोन-तीन दिवस पावसाच्या रूपाने कोसळत राहू शकते. किनाऱ्यावर वादळ वारा आणि लाटा घेऊन येते, आपल्याकडे ते नदीतून येते. संदेश लिहिणाऱ्याने वाऱ्याचा विचार केला आणि पाण्याचा सोडून दिला.

‘आजवर आले नाही’ या विधानाचे उत्तर नकाशावरच मिळते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि ईशान्येकडे सरकत दुसऱ्या दिवशी सकाळी, क्षीण झालेल्या अवस्थेत का होईना, पश्चिम विदर्भावर म्हणजे जळगाव जिल्ह्याच्या शेजारी पोहोचले होते. ‘गुलाब’चे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण ते अरबी समुद्रातले नव्हतेच. २६ सप्टेंबर २०२१ रोजी ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले, त्याचे अवशेष तेलंगण, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्र ओलांडून गुजरातपर्यंत गेले, आणि अरबी समुद्रात उतरून त्यांचे ‘शाहीन’ नावाचे नवे चक्रीवादळ झाले. म्हणजे वादळाच्या वाटेवर खान्देश दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. केवळ अरबी समुद्राकडे डोळे लावून बसणाऱ्याला पूर्वेकडून येणारा पाऊस दिसत नाही.

आता डोंगरांविषयी. तापीचे खोरे पश्चिमेला गुजरातकडे उघडे आहे आणि नवापूरपासून सुरतचा किनारा सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरही नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोंगर पाऊस अडवत नाहीत, ते तो पाडतात. दमट हवा उतारावर चढते, थंड होते आणि तेथेच रिकामी होते. सातपुड्यावर पडलेले पाणी सुकी, मोर, अनेर या नद्यांनी रावेर, यावल आणि चोपड्याकडे उतरते. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेतले पाणी तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगावात येते. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे चाळीसगावने हे अनुभवले आहे. तो पाऊस चक्रीवादळाचा नव्हता, पण डोंगरात एका रात्री कोसळलेल्या पावसाने खालच्या शहराचे काय होते हे त्याने दाखवले. त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळून संभाजीनगरकडचा रस्ता बंद झाला होता.

मोठ्या नद्यांची गत आणखी वेगळी आहे. तापी मुलताईहून आणि पूर्णा गाविलगडच्या डोंगरांतून येते, दोघी चांगदेवजवळ मिळतात आणि पुढे हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत. बऱ्हाणपूर किंवा मेळघाटात अतिवृष्टी झाली, तर आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नदीकाठच्या वस्तीला घर सोडावे लागू शकते. ‘येथे तर पाऊसच नाही’ असे म्हणत पात्रातले पंप काढायला उतरणाऱ्याची चूक येथेच होते.

डोंगर सुरक्षित असतात या समजाची किंमत अमेरिकेत अलीकडेच मोजली गेली. तेथे हरिकेन म्हणतात ते हेच वादळ. २६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘हेलीन’ फ्लोरिडात धडकले आणि तेथून सुमारे ६०० किलोमीटर दूर, डोंगरांत वसलेल्या ॲशव्हिल आणि आसपासच्या लहान गावांत नद्यांनी वस्त्याच्या वस्त्या नेल्या. एकट्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १०० हून अधिक माणसे दगावली. जळगाव समुद्रापासून जेवढे दूर आहे, त्याहून ॲशव्हिल दूर आहे.

अंदाजांविषयीचा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १०,००० माणसे मेली. २०१३ मध्ये ‘फायलिन’च्या वेळी अंदाजावर विश्वास ठेवून जवळपास १० लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांवर थांबली. शिवाय हवामान खात्याच्या चार टप्प्यांच्या इशाऱ्यांतला शेवटचा टप्पा, जो वादळ धडकण्याच्या किमान १२ तास आधी येतो, तो मुद्दाम किनाऱ्यापासून आत असलेल्या जिल्ह्यांसाठीच असतो. आपण तो वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

राहिला ‘गाडी काढून जाऊ’ हा उपाय, आणि माझ्या मते संपूर्ण संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे. २००५ मध्ये ‘रिटा’ हरिकेनच्या भीतीने अमेरिकेतल्या ह्यूस्टन परिसरातून २५ लाखांहून अधिक लोक एकदम रस्त्यावर आले; त्या पळापळीत शंभराच्या आसपास माणसे मेली, त्यांत वृद्धाश्रमातील लोकांना नेणाऱ्या बसला आग लागून २३ जण गेले. आपल्याकडे तर वाट घाटातून किंवा फरशी पुलावरून जाते. वाहते पाणी ३० सेंटिमीटर झाले तरी लहान मोटार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक वाहने वाहून जातात, आणि माणसाचा पाय निसटायला १५ सेंटिमीटरही पुरतात. ज्याच्याकडे गाडीच नाही अशा नदीकाठच्या मजुराचा विचार तर त्या संदेशात कोठेच नाही.

लहान गावातले स्थलांतर म्हणजे जिल्हा सोडणे नव्हे. ते बहुधा अर्ध्या किलोमीटरचे असते: काठावरच्या घरातून उंचावरच्या शाळेत, पाणी चढण्यापूर्वी आणि उजेड असताना. त्यासाठी लागणारी इमारत गावात आधीच उभी असते, म्हणून उधळपट्टीचा आरोपही लागू पडत नाही. जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आत कोणती घरे आहेत, त्यांत अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर कोण, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे आजीजवळ राहिलेली मुले किती, गुरे कोणत्या गोठ्यात न्यायची, शाळेची किल्ली रात्री कोणाकडे असते आणि वीज गेल्यावर दवंडी कोण देणार, एवढे कागदावर उतरले म्हणजे आराखड्याचा मोठा भाग झाला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दिले आहे आणि १०७७ हा नियंत्रण कक्षाचा क्रमांकही आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच असते, परंतु ऐन पावसाळ्यात ती कोकणात पाठवलेली असू शकते. त्यामुळे पहिले काही तास गावालाच निभावावे लागतात. ही यादी मे महिन्यात ग्रामसभेपुढे वाचावी आणि ऑक्टोबरच्या आरंभी पुन्हा तपासावी, कारण आपल्या समुद्रांतली चक्रीवादळे मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन हंगामांत येतात, आणि या दोन हंगामांच्या मध्ये गावातल्या काही मजूर कुटुंबांनी घर बदललेले असू शकते.