तळणीचं तेल

‘हॉटेलात दीडशे रुपयांना मूठभर फिंगर चिप्स देतात. तेवढ्यात घरी परातभर होतील!’ हे वाक्य मी रविवारी सकाळी चारचौघांत बोललो. चारचौघांत म्हणजे आई, बायको आणि दोन पोरं. साक्षीदार पुरेसे होते.

फ्रोझनचं पाकीट मी तासभर आधीच बाहेर काढून ठेवलं. म्हटलं, जरा थंडी जाऊ दे बिचाऱ्यांची. वितळू न देता थेट तेलात सोडा, असं पाकिटावर बारीक अक्षरांत होतं म्हणे. पण बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा शोधायला बायको. तासाभरानं आत लगदा. नशीब, पाकिटं दोन आणली होती.

तेल १८० अंशांवर तापवा, अशी पुढची सूचना. आमच्याकडे थर्मामीटर एकच, तोही काखेतला.

‘अरे, एक फोड टाकून बघ. झटकन वर आली की तेल तापलं,’ आई देवघरातून म्हणाली.

फोड वर आली आणि मी अख्खं पाकीट उपडं केलं. चिकटलेल्या बर्फासकट. पाणी शंभर अंशांना उकळतं, तेल त्याच्या ऐंशी अंश पुढे. त्या बर्फाला वितळायची उसंतच नाही, थेट वाफ. फेस कढईच्या काठापर्यंत चढला. दूध असं वर आलं की पाण्याचा हबका मारतात. तेलावर मारायचा नसतो, एवढं ज्ञान मला होतं. गॅस बंद केला, झारा ढालीसारखा धरला आणि तीन फरश्या मागे सरलो.

‘अहो, काय झालं?’

‘कुठे काय!’

तेल गार झालं आणि चिप्स ते निवांत पीत बसले. एकेक उचलावा तर मान टाकायचा.

आता इज्जतीचा प्रश्न होता. फ्रीजमधले बटाटे काढले. कापले, पांढरं पाणी जाईतो धुतले, पंचावर कोरडे केले, थोडे थोडे सोडले. सगळं शास्त्रशुद्ध. दोन मिनिटांत बाहेरून चॉकलेटी, आतून कच्चे! गारठ्यात बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना तीच काळपटते, हे मी नंतर वाचलं. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची ‘कुफ्री चिप्सोना’ ही कमी साखरेची जात १९९८ साली आली, खास चिप्ससाठी. म्हणजे ज्यापायी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं राबले, ते मी रविवारी दहा ते बारात उरकायला निघालो होतो.

पोरांनी सॉस चाटला, चिप्स ठेवले.

उरलं अर्धा लिटर तेल. आई ते टाकू देईना, बायको त्यात पुन्हा तळू देईना. शेवटी गाळून फोडणीला वापरायचं, असा तह झाला.

बुधवारी भेंडीची भाजी होती. भेंडी बघून एरवी पोट दुखणाऱ्या धाकट्यानं चक्क दुसऱ्यांदा वाढून घेतली.

‘आई, मस्त झालीये गं,’ तो म्हणाला. ‘हॉटेलच्या फिंगर चिप्ससारखी लागते.’