बाराबंदी हिरवी का मारालीय?

"काळं-पांढरंच ना सर, त्यात काय एवढं?" हे वाक्य मला आजवर शाई विकणाऱ्याने, कुरिअरवाल्याने आणि सख्ख्या मेहुण्याने ऐकवलंय. काल सोलापुरात नवी पेठेत फ्रेमवाल्याकडे ते एका गृहस्थांनी ऐकवलं. त्यांचा माझ्याशी, फोटोशी, फ्रेमशी काडीचा संबंध नव्हता.

थोडक्यात सांगतो. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा एक फोटो बरा साधला होता. पांढऱ्या बाराबंदीतले सेवेकरी, मागे सावलीत काळाभोर झालेला वाडा. तो कृष्णधवलच छापायचा होता. पण घरचा इंकजेट प्रिंटर करडा रंग नुसत्या काळ्या शाईतून काढत नाही. गुपचूप निळी, किरमिजी, पिवळीही मिसळतो. मिश्रण जरा कलंडलं की करड्यावर झाक चढते. म्हणून त्या कागदाचं आणि त्या शाईचं प्रोफाइल बनवायचं, म्हणजे प्रिंटरची झाक सुधारणारा तक्ता. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या 21 पट्ट्या छापायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या, मग स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्राने एकेक मोजायची. एल हा आकडा उजळपणाचा, तो पायरीपायरीने उतरला पाहिजे. ए आणि बी रंगाच्या झाकेचे, ते शून्याजवळ बसले पाहिजेत. यंत्र आणलं एमआयडीसीतल्या मित्राच्या डाय हाउसमधून. तिथे त्यावर टॉवेलांच्या शेड जुळवतात. देताना त्याने विचारलं, "ग्रे कुठल्या पार्टीचा?" पार्टी मीच आहे म्हटल्यावर तो जरा वेळ माझ्याकडे बघतच राहिला.

असा रक्त आटवून काढलेला प्रिंट काउंटरवर पसरला. शेजारी हे गृहस्थ, हातात चुन्याची डबी.

"नंदीध्वज का वो?"

"हो."

"मग आमचे साडू असणार ह्यात."

आणि साडूंचा शोध सुरू झाला. अंगठा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर. "हे न्हवं. हे बी न्हवं. हे असतील... नाही, ह्यांना केस हायेत."

"काका, हात लावू नका. मॅट कागद आहे, डाग जात नाही."

"हळूच लावालोय की."

अंगठा वाड्याच्या सावलीवर टेकला. शाई, कागद आणि प्रोफाइल मिळून जेवढा गडद काळा निघू शकतो तेवढा तिथे निघाला होता. त्याच्या मधोमध आता चुन्याचं बोट. पुसावं तर काळं खरवडून निघणार.

"साडू ऱ्हाऊ द्या. बाराबंदी हिरवी का मारालीय?"

मी म्हटलं, तुमच्या डोक्यावर ट्यूबलाइट आहे, ती हिरवट आहे. 5000 केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडात बघा.

"ते कुठं मिळतंय?"

फ्रेमवाला काच पुसता पुसता म्हणाला, "आपल्याकडं नाही सर. समोर इलेक्ट्रिकलवाल्याकडं विचारा."

1993 साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आयसीसी नावाची संस्था काढली. क्रिकेटवाली नव्हे, इंटरनॅशनल कलर कन्सॉर्टियम. मॉनिटर, स्कॅनर, प्रिंटर या सगळ्यांनी रंगाबाबत एकच भाषा बोलावी म्हणून. प्रोफाइलांचा हिशेब त्यांनी डी-50 नावाच्या प्रमाण उजेडावर, म्हणजे त्याच 5000 केल्विनवर बसवला. उत्तम केलं. पण प्रिंट शेवटी लटकतो तो हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, मिणमिणत्या दिव्याखाली, आणि त्याखाली बसून पाहुणे विचारतात, हिरवा का?

गृहस्थ तोवर प्रिंट घेऊन भर दुपारच्या उन्हात रस्त्यावर पोचले होते. मागे चहावाला पोरगा, त्याच्या मागे मी. "आता जांभळी दिसालीय," गृहस्थांनी निकाल दिला. पोरगा म्हणाला, निळी. निळ्याबद्दल मी वाद घालणार नाही. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारं रसायन घालतात, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतं. पण हे चहाच्या पोराला कळावं आणि कागद विकताना दुकानदाराने सांगू नये? कागद महाग, शाई त्याहून महाग, आणि ती निम्मी जाते नोझल साफ करण्यात. सोलापूरचा उन्हाळा, चार दिवस प्रिंटर चालवला नाही की शाई वाळते. मशीन स्वतःच स्वतःला धुतं आणि बिल मला. वर बिनरंगाचा फोटो काढायला मला रंगीत काडतुसं भरावी लागतात. ती संपली तर काळंही छापत नाही. याला दादागिरी म्हणतात.

गृहस्थांनी मोबाइल काढला, प्रिंटचा फोटो घेतला, काहीतरी दाबलं आणि पडदा माझ्या नाकासमोर धरला. रंगीत! चेहरे बिस्किटाच्या रंगाचे, वाडा विटकरी, बाराबंद्या आकाशी.

"बगा. फुकट झालं."

फ्रेमवाल्याने मान लांब करून पाहिलं. "सर, ह्याचाच मोठा काढून बसवू का? खुलून दिसेल."

मी उत्तर दिलं नाही. गृहस्थांनी तो साडूंना पाठवलाही होता. लगेच फोन वाजला. साडूंचाच. ते यंदा यात्रेला नव्हतेच, पुण्याला लेकीकडं होते.

"मग ह्यो कोण?" म्हणत अंगठा परत प्रिंटकडे वळला.