हा आपला विषय नाही कसा?

कोजागिरीला इथे डॅलसमध्ये आमच्या मराठी मंडळातल्या एका घरी पोटलक होतं. दूध आटत होतं, पोरं बॅकयार्डात पळत होती, आणि एक काका, तीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेले, कधीच सिटिझन झालेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "अबॉर्शन वगैरे हा आपला विषयच नाही. आपल्याकडच्या मुलींना त्याची गरज पडत नाही." आणि श्वासही न घेता पुढचं वाक्य, "आणि हे एच-वनवाले येतात, इथे पोरं जन्माला घालतात आणि सिटिझनशिप पदरात पाडून घेतात, हेही थांबायलाच पाहिजे."

समोर सात महिन्यांची गरोदर मुलगी बसली होती. नवरा एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ती एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या. तिने हातातली डिश खाली ठेवली. एवढी माणसं होती तिथे, एकजण बोलला नाही. कोणीतरी "जाऊ दे, राजकारण नको" म्हणालं आणि भेळेत चिंच कमी पडलीय का यावर चर्चा सुरू झाली. त्या पोरीचा चेहरा बघितला कोणी? मी काकांना म्हटलं की काका, ती समोर बसलीय, तर ते म्हणाले, "अगं मी हिच्याबद्दल नाही बोलत, मी जनरल बोलतोय." जनरल! ती सोडून कोण आहे मग त्या जनरलमध्ये? ट्रम्पच्या ऑर्डरमध्ये तिचाच व्हिसा लिहिलाय, तिचंच पोट लिहिलंय.

२० जानेवारी २०२५ ला ट्रम्पने सही केलेली ती ऑर्डर वाचा एकदा. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल, मग तो कायदेशीर असला तरीही, आणि वडील सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले नसतील, तर इथे जन्मलेलं बाळ सिटिझन नाही. म्हणजे स्टुडंट व्हिसा, एच-वन, एच-फोर, आपलं अख्खं पार्किंग लॉट त्यात येतं. "आपण लीगली आलो" हे तुणतुणं वाजवणाऱ्यांनी तो "कायदेशीर असला तरीही" भाग पुन्हा पुन्हा वाचावा. ऑर्डर तीस दिवसांनी लागू होणार होती, तर आपल्याकडच्या बायका त्या तारखेच्या आत सिझेरियन होईल का म्हणून डॉक्टरांना फोन करत होत्या, दिवस भरायच्या आत, बाळाची फुप्फुसं नीट तयार व्हायच्या आत. सिएटलच्या न्यायाधीशांनी २३ जानेवारीलाच ही ऑर्डर उघड उघड घटनाबाह्य म्हणून अडवली, त्यानंतर प्रकरण कोर्टाकोर्टांत फिरत राहिलं, आणि इकडे बाईला नववा लागला, तरी बाळ कुठल्या देशाचं ते तिला कोणी सांगत नव्हतं. इथे जन्मेल तो सिटिझन अशी १८६८ ची घटनादुरुस्ती आहे, १८९८ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तोही चिनी आईबापांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या माणसाच्या बाजूने. काकांची स्वतःची मुलं कुठल्या व्हिसावर असताना झाली हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे.

आता गरज पडत नाही म्हणण्याबद्दल. तुम्हाला कोण सांगणार काका? हार्टबीट थांबलेत हे दहाव्या आठवड्यात कळलेली, ट्यूबमध्ये गर्भ राहिलेली, विसाव्या आठवड्याच्या स्कॅनमध्ये बाळाची कवटीच तयार झाली नाही असं ऐकलेली, या सगळ्या आपल्याच असतात, तुमच्याच घरी हळदीकुंकवाला येतात आणि वाण घेऊन गप्प घरी जातात. आमच्या आयांच्या पिढीत बायका "क्युरेटिंग करून आले" एवढं बोलायच्या आणि दोन दिवसांनी कामाला लागायच्या. भारतात १९७१ पासून गर्भपाताला परवानगी देणारा कायदा आहे. त्याच्याही पन्नास वर्षं आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी नोकरी गेली, कोर्टात खेचले गेले, तरी सोडलं नाही. त्या मातीतली आपण माणसं, आणि टेक्ससमध्ये येऊन म्हणतो हा आपला विषय नाही.

टेक्ससमध्ये काय आहे ते तरी माहीत आहे का? २०२१ चा तो कायदा, ज्यात कुणीही ऐऱ्यागैऱ्याने गर्भपाताला मदत करणाऱ्यावर केस ठोकावी आणि किमान दहा हजार डॉलर घ्यावेत. मग जून २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रो विरुद्ध वेड, म्हणजे देशभर गर्भपाताचा हक्क देणारा निकाल, उलटवला आणि ऑगस्टपासून इथे गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, एक लाख डॉलरपासून पुढे दंड, लायसन्स रद्द. बलात्कार झाला तरी सूट नाही. त्यामुळे बाईला ब्लीडिंग होत असताना डॉक्टर आधी हॉस्पिटलच्या वकिलाला विचारतो. २०२२ मध्येच बॉर्डरजवळच्या स्टार काउंटीत एका बाईला गर्भपात केला म्हणून खुनाच्या आरोपाखाली अटक केली होती. बाईवर खटला भरायची तरतूदच नाही म्हणून नंतर आरोप मागे घेतले, पण जेलमध्ये तर टाकलं ना! व्हिसावरच्या बाईने ही बातमी वाचली की तिच्या डोक्यात काय येतं? अटक झाली तर व्हिसाच्या स्टॅम्पिंगचं काय, नवऱ्याच्या पिटिशनचं काय. रिओ ग्रांडे व्हॅलीतल्या कागदपत्रं नसलेल्या बाईला तर गर्भपाताला परवानगी असलेल्या शेजारच्या न्यू मेक्सिकोला जायचा रस्ताही नाही, वाटेत बॉर्डर पेट्रोलची चेकपोस्ट. तिच्याबद्दल आपल्या मंडळात "इल्लीगल" एवढा एकच शब्द बोलला जातो. तिला जीव नाहीये का?

सविता हलप्पनवार विसरलात? आपल्या बेळगावची मुलगी, डेंटिस्ट, नवऱ्याबरोबर आयर्लंडला गेलेली. सतरा आठवड्यांची गरोदर होती, गर्भपात होणारच आहे हे डॉक्टरांना दिसत होतं, ती स्वतः पुन्हा पुन्हा म्हणत होती की मोकळं करा. उत्तर काय मिळालं, बाळाचे ठोके चालू आहेत आणि हा कॅथलिक देश आहे. सेप्सिस होऊन २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गॉलवेच्या हॉस्पिटलमध्ये वारली. ३१ वर्षांची. तिलाही वाटलं असेल की तिकडचं राजकारण, आपला काय संबंध, आपण नोकरीसाठी आलोय. मे २०१८ मध्ये आयर्लंडने सार्वमत घेऊन ती गर्भपातावरची बंदी उठवली, ६६ टक्के लोकांनी हो म्हटलं, तिचे आईवडील बेळगावहून लोकांना सांगत होते की हो म्हणा. ते बेळगावात बसून बोलले. आपण डॅलसमध्ये बसून चिंचेबद्दल बोलतो.

आणि हे रिपब्लिकन पुढारी, त्यांचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. सहाव्या आठवड्याला त्या पोटातल्या गर्भासाठी यांचे डोळे पाणावतात, त्याला वाचवायला डॉक्टरला जेलमध्ये घालतील, आणि तेच मूल जन्मलं की विचारतात आईचा व्हिसा दाखव. बाळंतपणाआधी नवऱ्याचा लेऑफ झाला तर साठ दिवसांत नवीन स्पॉन्सर शोधा नाहीतर निघा, इन्शुरन्स गेलाच. त्या साठ दिवसांत गर्भाबद्दल एक शब्द नाही यांच्या तोंडून. दुसरी पार्टी, डेमोक्रॅट्स, स्टेजवर चॉइस चॉइस ओरडते, पण ग्रीन कार्डचं नाव काढलं की तोंड फिरवते. ग्रीन कार्डांवर दर देशाला सात टक्क्यांचं लिमिट, भारताची रांग दशकांची. २०१९ मध्ये संसदेच्या हाऊसने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी ते लिमिट काढायचं बिल पास केलं, पुढे ते मेलंच. मांडीवर आणलेली मुलं एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसातून बाहेर पडतात आणि जिथे शाळा शिकली तिथेच परदेशी विद्यार्थी होतात. वर सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नवीन एच-वनला एक लाख डॉलर लावले. मूल कधी होऊ द्यायचं, होऊ द्यायचं की नाही, हे आमच्या घरांत कॅलेंडर, पगार आणि आय-१४०, म्हणजे कंपनीने भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज, बघून ठरतं, आणि ते ठरवायचा जो थोडासा हक्क उरलाय तोही या राज्यात काढून घेतलाय. आम्हाला मत नाही. टॅक्स आहे, मत नाही. मत काकांना आहे.

आता दिवाळीच्या कार्यक्रमाला दरवर्षीसारखा कोणीतरी उमेदवार येणार, कुर्ता घालून, "हार्डवर्किंग कम्युनिटी" म्हणणार, आणि आमचे लोक फोटोसाठी रांग लावणार. आजपर्यंत एकानेही त्यांना एक प्रश्न विचारलेला नाही. या वेळी मी विचारणार आहे, गर्भपाताचा आणि बाळाच्या सिटिझनशिपचा, दोन्ही प्रश्न, एकत्र. कमिटीने आत्तापासूनच निरोप पाठवलाय की प्रश्नोत्तरं ठेवलेली नाहीत. माईक नाही दिला तरी माझा आवाज त्या हॉलला पुरतो.