गोळ्यांमुळे सगळे शिंपले मादी? थांबा जरा

परत तोच फॉरवर्ड आला. "बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे नद्यांमधले सगळे शिंपले मादी होतायत, लवकरच संपणार, पाणी उकळून प्या." चौथ्यांदा आलाय म्हणून लिहितोय.

आधी गोळ्यांचं. सांडपाण्यात इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) येतं ते माणसांच्या लघवीतून, गोळी न घेणाऱ्यांच्याही, अगदी पुरुषांच्यासुद्धा, आणि गुराढोरांच्या शेणामुताचं वेगळंच. गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन प्रमाणाने कमी पण जोरदार, आणि लवकर मोडत नाही, तेवढं मान्य. पण सगळं खापर तिच्यावरच का?

"सगळे मादी" हेही असंच ताणलेलं. कॅनडात क्युबेकमधल्या एका नदीत सांडपाणी सोडतात त्याच्या वरच्या अंगाला साधारण ३० टक्के माद्या होत्या, खाली ८०. आकडा दचकवणाराच आहे, पण त्या पाण्यात शेकडो रसायनं, नेमकं कोणाचं काम ते त्यावरून ठरत नाही. त्यात गंमत म्हणजे शिंपले-गोगलगायींचा जो इस्ट्रोजेन रिसेप्टर (पेशीतला हार्मोन पकडणारा भाग) तपासलाय त्याला इस्ट्रोजेन चिकटतच नाही. कुलूप आहे, पण ही किल्ली लागत नाही.

यावर काही हुशार लोक म्हणतात की मग काहीच होत नसणार. अहो, जहाजाच्या बुडाला लावायच्या रंगातलं टीबीटी हे रसायन आठवा, लिटरमागे नॅनोग्रॅमभर (ग्रॅमचा अब्जावा भाग) असलं तरी समुद्री गोगलगायींच्या माद्यांना लिंग फुटायचं, आणि तेही इस्ट्रोजेनच्या नाही, भलत्याच रिसेप्टरच्या वाटेने! २००८ पासून जहाजांवर त्याला जगभर बंदी आहे.

मला खरी काळजी माशांची वाटते. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांची पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटूनच मोठी होतात. काही जातींची मादी तर शिंपल्याबाहेर आलेली कातडी छोट्या माशासारखी हलवते, मोठा मासा चावायला आला की फस्सकन पिल्लं त्याच्या तोंडात. आता ओंटारियोतल्या एका तळ्यात २००१ ते २००३ गोळीतलंच इस्ट्रोजेन मुद्दाम सोडलं होतं, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम फक्त, तर फॅटहेड मिनो हा छोटा मासा जवळजवळ नाहीसा झाला. शिंपल्याला लागणारा मासाच असा गेला तर पिल्लं चिकटणार कोणाला? हे त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

आणि उकळण्याचं म्हणाल तर जंतू मरतात, ते चांगलंच. हार्मोन नाही जात, पाणी आटतं आणि ते भांड्यातच राहतं.