लिनक्सबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवण्याआधी

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेतल्या जुन्या वर्गमित्रांच्या आणि आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘विंडोज १० बंद झालं, जुना पीसी भंगारात द्या. कोणी लिनक्स टाकून देतो म्हणालं तर फसू नका. त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, म्हणून २०२४ मध्ये एका चिनी हॅकरने सगळं लिनक्स हॅक केलं. दरवर्षी त्यात हजारो त्रुटी सापडतात. फुकटचं असल्याने जबाबदार कोणीच नाही. मराठी टाइप होत नाही, प्रिंटर चालत नाही. जर्मनीनेही कंटाळून सोडलं.’

परळमधल्या एका अभ्यासिकेतले नऊ पीसी मी चार वर्षं सांभाळतोय. नऊही लिनक्स मिंटवर आहेत. लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, मिंट हा तिचा एक प्रकार. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं त्यांवर फॉर्म भरतात, टिपणं काढतात. त्यात परवा आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अरे, आमचा पीसी आता बंदच पडणार ना? रविवारी भंगारवाला येतोय, देऊन टाकते.” मशीन २०१६चं, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. अगदी धडधाकट. तेव्हा ठरवलं, एकेक मुद्दा घेऊन लिहायचंच.

विंडोज १० ‘बंद झालं’ म्हणजे काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. मशीन बंद पडत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतात. घरगुती वापरासाठी वाढीव दुरुस्त्यांची योजना आहे, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. काकूंचा पीसी यादीबाहेर पडतो तो याच अटीमुळे. तो संथ आहे म्हणून नव्हे.

लिनक्स मिंट २२ ला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असली तर बरं, आणि डिस्कवर २० जीबी जागा. या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. मात्र २ जीबीवर आजचा ब्राउझर उघडला की मशीनची दमछाक होते, हे मी पाहिलंय. अभ्यासिकेत सगळ्यात मोठा फरक पडला तो जुनी हार्ड डिस्क काढून लॅमिंग्टन रोडवरून आणलेली एसएसडी बसवल्यावर. याचं श्रेय मी लिनक्सला देणार नाही.

आता तो ‘चिनी हॅकर’. या वाक्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण त्यामागची खरी घटना नेमकं उलटं सांगते. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळत होता एकच थकलेला स्वयंसेवक. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम पाठवत राहिलं, त्याचा विश्वास मिळवला, किल्ल्या हातात घेतल्या आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवला. त्या नावामागे कोण होतं, कुठल्या देशातलं, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नावावरून देश ठरवून टाकला.

पकडला कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या माणसाने. हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं जाहीर केलं. तोवर त्या आवृत्त्या मुख्यतः लिनक्सच्या चाचणीसाठीच्या प्रकारांत पोचल्या होत्या. डेबियन आणि उबुंटू हेही लिनक्सचेच प्रकार; डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत आणि मिंटमध्ये त्या नव्हत्या. ‘सगळं लिनक्स हॅक’ झालंच नाही.

यातला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. चोरदरवाजा उघडणारा शेवटचा तुकडा सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या साठ्यात नव्हताच, तो फक्त प्रकाशनाच्या तयार गठ्ठ्यात मिसळलेला होता. म्हणजे उघड्या कोडने चोराचं काम सोपं केलं नाही, लपवण्यासाठी त्याला उघड्या जागेच्या बाहेर जावं लागलं. आणि फ्रॉइंडला मुळापर्यंत जाता आलं ते कोड त्याच्यासमोर होता म्हणून. हेही मान्य करतो की वेळेवर पकडलं जाण्यात नशिबाचा वाटा होता आणि एकाच माणसाच्या खांद्यावर एवढा भार असणं ही या जगाची खरी दुखरी बाजू आहे. मेसेजमध्ये त्यावर बोट ठेवलं असतं तर मी मान डोलावली असती.

मिंट वापरणाऱ्यांनी दुसरी एक घटना जास्त लक्षात ठेवायला हवी. २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटची वेबसाइटच फोडली गेली आणि डाउनलोडची लिंक काही काळ बदललेल्या, विषारी फाइलकडे नेत होती. म्हणून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल, उतरवली की तिचा ठसा, म्हणजे त्या फाइलवरून निघणारी ओळख, जुळवायचाच. विंडोजवर ‘सर्टयुटिल’, लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही कमांड ६४ अक्षरांची ओळ देते. ती मिंटने दिलेल्या यादीतल्या ओळीशी जुळली पाहिजे, आणि जमलं तर त्या यादीवरची डिजिटल सहीही तपासावी, कारण वेबसाइट फोडणारा यादीही बदलू शकतो. पाच मिनिटांचं काम आहे. आणि सॉफ्टवेअर घ्यायचं ते मिंटच्या स्वतःच्या भांडारातून. जुलै २०२५ मध्ये आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांनी चालवलेल्या संग्रहात फायरफॉक्सच्या नावाखाली घातक पॅकेजं चढवली गेली होती. दोन दिवसांत ती काढली, पण चढली होती. ‘लिनक्सवर व्हायरस येतच नाही’ असं सांगणारेही चुकीचंच सांगतात.

‘हजारो त्रुटी’ हा आकडा खरा आहे, अर्थ खोटा. फेब्रुवारी २०२४ पासून लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, टीम सुरक्षा त्रुटींचे क्रमांक स्वतः देऊ लागली, आणि सुरक्षेशी दुरून संबंध येऊ शकेल अशा जवळपास प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक द्यायचा असं तिचं धोरण आहे. एखाद्या पोलीस ठाण्याने आलेली प्रत्येक तक्रार नोंदवून घ्यायला सुरुवात केली तर वहीतला आकडा फुगतो. त्यावरून गल्लीत चोऱ्या वाढल्या असं म्हणता येत नाही. शिवाय हे क्रमांक मिळतात ते दुरुस्ती झालेल्या चुकांना.

फुकट म्हणून बेजबाबदार? आपल्या भाषेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरू या. हे सॉफ्टवेअर मुक्त आहे: वाचता येतं, बदलता येतं, वाटता येतं. मोफत मिळणं हा त्याचा परिणाम. कर्नलवर काम करणाऱ्यांत रेड हॅट, इंटेल, गूगल अशा कंपन्यांचे पगारी लोक मोठ्या संख्येने आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात, आणि हा मेसेज ज्या अँड्रॉइड फोनवरून पुढे पाठवला जातोय त्याच्या तळाशीही लिनक्सच आहे. पैसे मोजले की सुरक्षा मिळते असं वाटणाऱ्यांनी जून २०१७ आठवावा. नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने विंडोज मशीनं बंद पाडली, तेव्हा इथे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं होतं.

मराठीचा मुद्दा मात्र मनाला लागतो, कारण लिनक्सवर मराठी आणण्यात याच शहराचा मोठा हात आहे. जुहूच्या एनसीएसटीत, म्हणजे आताच्या सी-डॅक मुंबईत, ‘इंडिक्स’ प्रकल्पात लिनक्सवर भारतीय भाषा आणायचं काम झालं. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी फॉन्ट दिला. ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे आज सगळीकडे दिसणारे मुक्त फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे. पवईला आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस (एमएस ऑफिससारखं), गिम्प (फोटो सुधारण्याचं), लिनक्स हे सगळं मराठी आवाजात शिकायला मिळतं.

टाइप करायचं कसं? मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्टचा लेआउट जोडायचा, झालं. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करायची सवय असेल तर आयबस ही टाइपिंगची सोय आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाकायचं, त्यात उच्चारानुसारी पद्धती मिळतात आणि टाइपरायटरवर हात बसलेल्यांसाठी रेमिंग्टनही. अडचण येते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायलींची. श्रीलिपीत केलेली निमंत्रणपत्रिका इथे उघडली तर अक्षरांचा काला दिसतो. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते, आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावी लागतात.

प्रिंटरबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. गेल्या काही वर्षांतले वायफायवाले प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय, आपोआप सापडतात. त्रास देतात ते कंपनीच्या स्वतःच्या गुप्त भाषेत बोलणारे जुने छोटे लेझर प्रिंटर. घेण्याआधी किंवा बदलण्याआधी मॉडेल तपासा.

जर्मनीचं म्हणाल तर अख्ख्या देशाने नव्हे; मुख्यतः गाजलं ते म्युनिक शहराचं सोडणं, २०१७च्या ठरावाने. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी पीसींवर लिब्रेऑफिस आणायचं ठरवलं आणि २०२५ मध्ये ४०,००० हून अधिक मेलबॉक्स मुक्त सॉफ्टवेअरवर नेले. इतकं लांब तरी कशाला, केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवतात.

ज्यांनी बदलू नये असे लोकही आहेत. टॅलीवर दुकान चालणारे, पेजमेकर आणि श्रीलिपीवर डीटीपी करणारे, डिजिटल सहीच्या टोकनवर रोज रिटर्न भरणारे. त्यांनी कामाचं मशीन आहे तसं ठेवावं. बाकीच्यांनी आधी पेनड्राइव्हवर मिंट घालून, काहीही न पुसता, ‘लाइव्ह’ चालवून बघावं: वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, प्रिंट निघतंय का. आवडलं तरच इन्स्टॉल, तेही फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढल्यावर.

काकूंच्या पीसीचं असंच केलं. वायफाय पहिल्या फटक्यात लागलं, मराठी कीबोर्ड जोडला, त्यांनी भिशीचा हिशेब लिब्रेऑफिसमध्ये उघडून आकडे जुळवून पाहिले. भंगारवाल्याला परत पाठवलं. त्यांचा प्रिंटर मात्र त्या जुन्या लेझरपैकीच निघाला. येत्या रविवारी पुन्हा बसणार आहे.