संसार, एकूण नग ८३

सांगलीहून नागपूरला बदली झाली तेव्हा मला सामानाची काळजी मुळीच नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरातलं सगळं सामान गल्लीतल्या पोरांनी दोन तासांत वरच्या मजल्यावर चढवलं होतं. कोटेशन नाही, ॲडव्हान्स नाही. चहा आणि भडंगावर भागलं.

नागपूर मात्र वरचा मजला नव्हे. सामान हलवणाऱ्या कंपन्यांसाठी नेटवर एकदा मोबाईल नंबर टाकला आणि तासाभरात एकवीस फोन. तेच सामान, तोच रस्ता, दर १८,००० पासून ५२,००० पर्यंत. १८,००० वाला इतका गोड बोलत होता की बायको म्हणाली, "अहो, याला मुलगी द्यायची नाहीये आपल्याला." त्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. नंबर खरा होता, धंदा तेवढा टाइल्सचा निघाला. दुसऱ्याने ई-वे बिलाचे, म्हणजे मालवाहतुकीच्या सरकारी ऑनलाइन कागदाचे, १,२०० वेगळे लावले. वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही, हे मी आदल्याच रात्री वाचलेलं. अशा थाटात ऐकवलं की त्याने फोनच ठेवला. वाद जिंकलो, ट्रक गेला.

त्यात आत्येभावाचा अनुभव ताजा होता. स्वस्तातला ट्रक सोलापूरच्या पुढे थांबला आणि फोन आला, "वजन जास्त भरलंय, १५,००० टाका." त्याचा संसार पाच दिवस कुठल्याशा गोडाऊनमध्ये, आणि तो नव्या घरात सतरंजीवर.

शेवटी मार्केट यार्डातून हळद वाहणारा एक जण स्वतः घरी आला. बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर हॉल पाहिला होता. हा म्हणाला, "माळा दाखवा." माळ्यावर घंगाळ, पाटा-वरवंटा, तीन गाद्या आणि पुन्हा पूर आला तर असावेत म्हणून जपलेले अकरा रिकामे खोके. त्याने उसासा टाकून ४१,००० सांगितले आणि लिहूनही दिले. मला तो उसासाच पटला.

सामान भरायच्या दिवशी त्याचा माणूस यादी करायला बसला. "कपाट लोखंडी, खाली गंज. टीव्ही, कोपऱ्यात ओरखडा. सोफा, स्प्रिंग बसलेली." बायकोचा चेहरा उतरत गेला. वीस वर्षांत एकाही पाहुण्याने आमच्या घराबद्दल इतकं खरं बोलून दाखवलं नव्हतं.

आईच्या लोणच्याच्या बरणीपाशी त्याचं पेन थांबलं.

"काकू, तेलाच्या जिन्नसाची जबाबदारी आमची नाही."

"तुझ्यावर टाकतंय कोण? माझ्या मांडीवर येईल ती."

आली. महाराष्ट्र एक्स्प्रेसने, दौंडपर्यंत मांडीवर आणि पुढे आईला डुलकी लागल्यावर माझ्या बॅगेत.

ट्रक सांगितल्या दिवशी दारात उभा राहिला. नग ८३ च्या ८३, वरवंट्यासकट. ड्रायव्हरने बिल्टी, म्हणजे सामान भरल्याची पावती, मागितली. मी बॅगेतून काढून दिली, तेव्हा कागदाच्या आरपार त्याची बोटं दिसत होती. त्याने ती उजेडात धरली, मग नाकाशी नेली.

"कैरीचं का, दादा?"