डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा

आज सकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जे पाहिले, त्याचा राग संध्याकाळ झाली तरी गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शेजारचे एक गृहस्थ सहकुटुंब नाशिकला निघाले होते. डिकी सामानाने भरली होती, मुले मागे बसली होती आणि डॅशबोर्डवर नालाच्या आकाराचा, मध्ये उद्गारचिन्ह असलेला, टायरमध्ये हवा कमी असल्याचा इशारा देणारा पिवळा दिवा लागला होता. मी तो दाखवला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, काही नसतं ते. हे बटण दाबून धरायचं, दिवा जातो." त्यांनी बटण दाबून धरले, दिवा गेला आणि टायर मात्र होता तसाच राहिला. मी घरातून हवेचा दाब मोजणारा गेज आणून लावला. दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची ते सांगणारी पट्टी असते, तिच्यावर ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) छापलेले होते आणि मागच्या उजव्या चाकात भरले २४.

ही युक्ती म्हणे त्यांना गाडीचे काम करणाऱ्यानेच शिकवली. ज्याच्या हाती लोक विश्वासाने गाडी सोपवतात, त्याने असे शिकवावे याला काय म्हणावे? ते बटण दिवा घालवण्यासाठी दिलेलेच नाही. असे बटण असलेल्या बहुतेक गाड्यांमध्ये चाकात दाब मोजणारे काहीही बसवलेले नसते. एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे, सेन्सर चारही चाकांच्या फिरण्याचा वेग पाहत असतात. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, ते इतरांपेक्षा जरा जास्त वेगाने फिरते आणि त्यावरून गाडीला संशय येतो. चारही टायरांत योग्य हवा भरल्यानंतर "आता हेच प्रमाण धर" असे गाडीला सांगण्यासाठी ते बटण असते. हवा न भरता ते दाबले, तर आपण गाडीला २४ हाच योग्य दाब म्हणून शिकवतो आणि त्यानंतर ती गप्प राहते. मुले मागे बसलेली असताना!

मला हे बघवत नाही, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मामांच्या गाडीने पुण्याला एका साखरपुड्याला निघालो होतो. कळंबोली सोडून एक्स्प्रेसवेला लागलो आणि हाच दिवा लागला. मामांचे म्हणणे, लोणावळ्याला चहाला थांबू तेव्हा पाहू. मामींनी मात्र हट्टच धरला आणि घाट लागण्याआधी, खालापूरच्या फूड मॉलला, गाडी थांबवायला लावली. मागच्या डाव्या टायरच्या बाजूला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला तेव्हा आतून काळी भुकटी सांडली. तो रबराचा चुरा होता. आतल्या बाजूला गोल पट्टा झिजून खालचे धागे दिसू लागले होते. खिळा म्हणाल तर अगदी लहानसा.

हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्याने उष्णता निर्माण होते, वेग आणि ओझे वाढले की ती आणखी वाढते आणि शेवटी रबर व आतले धागे एकमेकांना सोडतात. म्हणून "उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी" हा घरोघरी दिला जाणारा सल्ला घातक आहे. कमी हवेचा टायरच अधिक तापतो. चालून गरम झालेल्या टायरचा दाब चार-पाच पीएसआयने वाढतो हे खरे, पण पट्टीवरचा आकडा ते गृहीत धरूनच दिलेला असतो. वाटेत थांबून ती वाढलेली हवा सोडायची नसते.

तो आकडा थंड टायरचा असतो. उन्हातून आल्या आल्या कोणी थर्मामीटर लावून ताप ठरवत नाही, तसेच हे आहे. गाडी तीनेक तास उभी असावी, शक्यतो सकाळी बाहेर काढण्याआधी मोजावे. पट्टीवर पुढच्या-मागच्या चाकांचे आणि पूर्ण ओझ्याचे आकडे वेगळे असू शकतात, तेही पाहावे. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. पंपावरचा मुलगा "पस्तीस मारू?" असे विचारतो तेव्हा उत्तर आपल्याला माहीत हवे. त्या मुलांवर मी चिडत नाही. मागे रांग हॉर्न वाजवत असते, त्यांना दिलेला गेज बरोबर आहे की नाही हे पाहणे मालकाचे काम आहे. पंपावर हवा मोफत मिळणे हा आपला हक्क आहे, तो मागताना संकोच कशाला?

थंडीत पहाटे दिवा लागतो आणि ऊन चढल्यावर आपोआप विझतो, हे मला मान्य आहे. तापमान दहा अंशांनी उतरले तर दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. पण तेवढ्याने दिवा लागत असेल तर टायर आधीपासूनच कडेला येऊन टेकलेला होता, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हा दिवा लवकर लागतो असेही कोणी समजू नये. अमेरिकेत फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या अपघातांत दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यानंतर २००० साली तिथे कायदा झाला आणि पुढे २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हवा कमी झाल्याचा इशारा देणारी ही प्रणाली सक्तीची झाली. त्या नियमातही दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा देण्याची अट आहे, म्हणजे ३३ चा टायर जवळजवळ पंचविसावर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. चारही टायर हळूहळू सारखेच उतरले, तर वेग पाहणाऱ्या प्रणालीला ते कळेलच असे नाही. आपल्याकडे २०२० च्या नियमाने ही प्रणाली आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली आहे. अशा गाडीत हा दिवा घालवणारा माणूस स्वतःला कुठे नेऊन ठेवतो?

चाकाच्या आत सेन्सर असलेल्या गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर राहतो, तेव्हा बिघाड प्रणालीत असतो. सेन्सरची बॅटरी पाच ते दहा वर्षांत संपते, हेही खरे. सेन्सर बिघडतात, मान्य. तरी ते गेज लावल्यानंतर म्हणावे, आधी नाही.

मामा त्या दिवशी रागावले नाहीत. तो उतरवलेला टायर हातात धरून बराच वेळ नुसते पाहत राहिले आणि मग मामींना म्हणाले, "तू म्हणालीस म्हणून थांबलो." आजचे शेजारीही वाईट नाहीत, मुलांवर जीव टाकणारे आहेत. त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते. निघण्याआधी त्यांनी पंपावर हवा भरली, टायरमध्ये खिळा नाही ना ते पाहून घेतले आणि मगच बटण दाबले, असे त्यांनी फोन करून सांगितले.

गेज काही शे रुपयांना मिळतो. सोसायटीतल्या ज्यांच्याकडे नसेल त्यांनी रविवारी सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी मला हाक मारावी, मी खाली येऊन चारही टायर आणि स्टेपनी मोजून देईन.